पाटी वाचणाऱ्या माणसाची कैफियत

चहा आधी घ्या. प्रकरण थोडं लांबणार आहे आणि त्याला कागदपत्रं जोडलेली आहेत.

पहिला कागद हा बघा. जर्मनीतल्या एका कार्यालयाकडून आलेली नोटीस. कार्यालयाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाची बदनामी नको. दुसऱ्या पानावर एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात स्टिअरिंग धरून बसलेला, तोंड अर्धवट उघडं असलेला गृहस्थ म्हणजे मी. शेजारी एक व्यक्ती आहे आणि तिच्या चेहऱ्यावर काळा चौकोन मारलेला आहे. चौकोनाखाली एक हात दिसतो, त्या हातात अर्धी खाल्लेली बाकरवडी. ती व्यक्ती म्हणजे आमची ही. जर्मनीत गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा. शेजारी बसलेल्याचा त्यात काही संबंध नाही, म्हणून त्याचा चेहरा झाकून मगच कागद पाठवतात. हिचं म्हणणं वेगळंच. पस्तीस वर्षांच्या संसारात आमचा दोघांचा इतका स्वच्छ फोटो कुणी काढला नव्हता, आणि काढला तेव्हा नेमकी तिलाच काळं फासलं. बाकरवडी मात्र ठेवली.

आरोप असा. मर्यादा ५०. यंत्राने मोजलेला वेग ६१. यंत्राच्या संभाव्य चुकीपोटी वजा ३. शिल्लक ५८. जादा ८. दंड ३० युरो, म्हणजे आपले साधारण तीन हजार रुपये. वजावटीचा रकाना बघून माझ्यातला जुना लेखापरीक्षक क्षणभर हेलावला, हे खोटं कशाला बोलू? पण तेवढंच.

पाकीट आलं जावयाच्या नावाने, कारण गाडी त्याची. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे असतात. मी तीस युरोंचा दंड दिला.

आता तुम्ही म्हणाल, केला असेल वेग, भरा की दंड. थांबा. माझी पूर्वपीठिका ऐका, मग ठरवा. मी एकतीस वर्षं लेखापरीक्षणात काढली. कागदावरचा आकडा तेवढा खरा, बाकी सगळं तोंडी, हा माझा धर्म. रस्त्याकडेची पाटी हाही माझ्या लेखी कागदच, फक्त पत्र्यावर छापलेला. लाल कड्यात जो आकडा लिहिलाय त्याच्या एक-दोन खाली काटा ठेवायचा, हे मी आयुष्यभर पाळलं. आणि आयुष्यभर त्याबद्दल बोलणी खाल्ली. तीन खंडांत, चार भाषांत. जगातला प्रत्येक देश पाटीवर एक आकडा लिहितो आणि मनात दुसराच धरून चालतो. हा मनातला आकडा कुठल्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही. तो तिथल्या सगळ्यांना जन्मतः माहीत असतो. मला सोडून.

सुरुवात घरापासून करू. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे. लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, २००२ पासून पुरा वापरात, मोटारींना कमाल वेग १००, घाटात त्याहून कमी. मी मधल्या लेनमध्ये ९८ वर. आता माझ्यावर एकाच वेळी किती कार्यालयांचं नियंत्रण असतं ते मोजा. माझी गाडी २०१९ नंतरची. नियमाप्रमाणे ती ८० ओलांडले की मिनिटा-मिनिटाला टिंगटिंग करते आणि १२० ओलांडले की थांबतच नाही. म्हणजे गाडीचं मत ८०. पाटीचं मत १००. मागून दिवे मारणाऱ्याचं मत १३०. आणि शेजारच्या सीटवरून हिचं मत, ‘अहो, जरा हळू.’ कशापेक्षा हळू, हे तिने आजतागायत सांगितलेलं नाही. तिची मर्यादा आकड्यात नसतेच, सुरात असते.

अशा परिस्थितीत एकदा माझ्या डावीकडून कोंबड्यांचा टेम्पो पुढे गेला. टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचं मला काही वाटलं नाही. कोंबड्यांनी पाहिलं.

जुलै २०२४ पासून त्या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या कमानी सुरू झाल्या. मला मनापासून आनंद झाला. म्हटलं, चला, आता तरी लिहिलेला आकडा आणि चाललेला आकडा यांचा ताळमेळ बसेल. तुम्ही अलीकडे गेला असाल तर काय बसलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कमान दिसली की पुढच्या सगळ्या गाड्यांचे लाल दिवे एकदम लागतात. मारुतीच्या देवळावरून जाताना स्कूटरवाला एक हात काढून छातीला लावतो ना, तसं. देऊळ मागे पडलं की हात परत मुठीवर. भक्ती दोनशे मीटरची.

काही टप्प्यांत दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात म्हणे. त्यावर माझ्या पुतण्याचा तोडगा असा, की तो मध्येच फूड मॉलला थांबतो आणि निवांत दोन वडापाव खातो. मी एकदा सोबत होतो. विचारलं, ‘अरे, आत्ताच तर घरून खाऊन निघालो.’ म्हणाला, ‘काका, भूक नाही लागली. सरासरी उतरवतोय.’

हे घरचं झालं. घरच्यांचं मनावर घ्यायचं नसतं. मी ठरवलं, जिथे कायद्याला कायदा म्हणतात तिथे जाऊ. आधी अमेरिका.

मेहुणे न्यू जर्सीत असतात. तिथल्या मोठ्या रस्त्यांवर जास्तीत जास्त ६५ मैलांची पाटी, म्हणजे आपले १०५ किलोमीटर. त्यांची गाडी, तीही त्यांच्याच आग्रहाने, मी ६४ वर चालवत होतो. दहा मिनिटांत चाळीसेक गाड्या मला ओलांडून गेल्या. त्यात शाळेची एक रिकामी पिवळी बस होती. मेहुणे मागून हळूच म्हणाले, ‘दाजी, इथे ६५ म्हणजे ७५ धरायचं.’ मी म्हटलं, कुठे लिहिलंय? ते म्हणाले, लिहीत नाहीत, चालतं. मी म्हटलं, मग पोलीस? ते म्हणाले, तोही ७५ धरूनच चालतो.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अमेरिकेतली वेगमर्यादा म्हणजे आपल्याकडच्या लग्नपत्रिकेतला मुहूर्त. १२ वाजून ३५ मिनिटं असं छापायचं, कारण छापावं लागतं. येणारे सगळे आपसांत न बोलता एकच वेळ धरून येतात. आणि माझ्यासारखा जो खरोखर १२:३५ ला पोचतो, तो रिकाम्या हॉलमध्ये शिडीवर चढून फुलं लावणाऱ्या माणसाकडे बघत उभा राहतो.

त्या देशाला पूर्वी एक गंभीर आकडा होता, हेही सांगायला हवं. तेलाच्या टंचाईनंतर १९७४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने देशभर ५५ मैलांची मर्यादा लावली. ती १९९५ मध्ये उठवली. मग माँटाना नावाच्या राज्याने कमालच केली. दिवसा मोटारींना आकडाच नाही. वेग फक्त ‘वाजवी आणि शहाणपणाचा’ असावा, इतकंच. हे वाचून मला भरून आलं. इतकं सुंदर मोघम वाक्य मी आमच्या खात्याच्या परिपत्रकांतही पाहिलं नव्हतं. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ यापुढे आमची मजल कधी गेली नाही. पुढे कोर्टाने विचारलं, शहाणपण म्हणजे ताशी किती मैल? उत्तर देता येईना. १९९९ मध्ये पुन्हा आकडा आला. मी तिथे तेव्हा असतो तर बरं झालं असतं. नंतर गेलो.

आता मुख्य प्रकरण. लेक-जावई श्टुटगार्टला. जावई मोटारींच्याच धंद्यातला. चाकणहून निघाला तो तिकडे पोचला. आम्ही तीन महिन्यांसाठी गेलो. गाडी चालवायची तर रीतसर, म्हणून मी निघण्यापूर्वी आरटीओत हजार रुपये भरून आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका काढून घेतली होती. तिच्यावर माझा फोटो आणि गोल शिक्का आहे. फोटोत तोंड मिटलेलं आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा, तीन महिन्यांत परदेशाने माझं काय केलं ते कळेल.

पहिली अडचण दांडीची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वळायचा दिवा उजव्या हाताच्या दांडीवर आणि वायपर डाव्या. तिकडे उलट. त्यामुळे पहिला आठवडा मी कडकडीत उन्हात, प्रत्येक चौकात, वळण्याच्या आधी काच पुसून घेत होतो. मागच्याला ते संकेत म्हणून पुरेसं नव्हतं असं दिसलं.

दुसरी अडचण हॉर्नची. आपल्या घाटात ‘वळणावर हॉर्न वाजवा’ अशी सरकारी पाटी असते. पाटी! म्हणजे मला ते बंधनकारक. ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंद केलं, पण ते ट्रकवर. हातातलं कोण बंद करणार? तिकडे एका द्राक्षमळ्याच्या आंधळ्या वळणावर मी सवयीने एकच बारीकसा ‘पी’ दिला. आपल्या भाषेत त्याचा अर्थ ‘मी येतोय हं’. वळणापलीकडे एक आजी कुत्र्याला घेऊन उभ्या होत्या. कुत्रा काही बोलला नाही. आजींनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी यापूर्वी एकदाच पाहिली होती, ऑडिटला गेलो असताना मी विनापावतीचा चहा नाकारला तेव्हा. धोका असेल तरच हॉर्न, असा तिथला नियम. माझ्या ‘मी येतोय हं’चं तिकडे भाषांतर ‘चालते व्हा’ असं होतं.

आणि मग दिव्यांचं प्रकरण. हे जरा सावकाश सांगतो, कारण याचा मला अजून त्रास होतो.

अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या. मधून एकच गाडी जाईल इतकी जागा. मी या टोकाला, समोरच्या टोकाला एक निळी गाडी. निळ्या गाडीने दिवे मारले. आता तुम्ही आणि मी एकाच मातीतले आहोत. समोरच्याने दिवे मारले म्हणजे काय? ‘मी निघालोय, तू थांब.’ मी थांबलो. शहाण्यासारखं कडेला घेतलं. निळी गाडी येईना. तिने पुन्हा दिवे मारले. म्हणजे जास्तच घाई आहे, असं समजून मी आणखी कडेला घेतलं. ती येईना. मग मीही दिवे मारले, म्हणजे ‘या ना, थांबलोय.’ त्यावर निळ्या गाडीने पाठोपाठ दोनदा मारले. ही म्हणाली, ‘अहो, तो डोळे का मिचकावतोय?’ माझ्या मागे एक गाडी येऊन थांबली. त्याच्या मागे दोन. निळीच्या मागे एक कचऱ्याची गाडी. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. आपल्याकडे एव्हाना चार लोक उतरले असते, एकाने वाहतूक नियंत्रण हाती घेतलं असतं आणि दोन मिनिटांत सगळे मोकळे झाले असते. इथे भर दुपारी, एकही आवाज न करता, आम्ही एकमेकांवर उजेड पाडत उभे.

शेवटी मागच्या सीटवरून नातू बोलला. वय वर्षं नऊ. ‘आजोबा, तो म्हणतोय, तू जा.’

तर तिकडे समोरच्याने असे दिवे मारले की अर्थ होतो ‘आधी तुम्ही’. एकच दांडी, एकच उजेड, अर्थ बरोबर उलटा. आणि हे जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कला जमणाऱ्या कुठल्याही परिषदेने आजवर विषयपत्रिकेवर घेतलेलं नाही.

हा नातू म्हणजे स्वतंत्र कार्यालय आहे. तिथे चौथीच्या मुलांची पोलिसांकडून सायकलची परीक्षा होते. ती तो पास झालाय, आणि त्याला त्याचं प्रमाणपत्र आहे. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे त्याने मला शिकवलं. मी त्याला पुण्याचा नियम सांगितला, की ज्याचं नाक आधी घुसलं त्याचा चौक. तो म्हणाला, नाक कुणाचं, गाडीचं की माणसाचं? आणि गल्लीबोळांत ३० ची हद्द असते, तिथे तो दोन सीटांच्या मधून मान पुढे काढून काटा वाचतो. ‘आजोबा, बत्तीस.’ ‘आजोबा, चौतीस.’ माझी गाडी ८० ला टिंगटिंग करते त्याची मी तक्रार करत होतो. ती तक्रार मी मागे घेतो.

याच देशात, त्या ३० च्या गल्लीपासून दहा मिनिटांवर, महामार्ग लागतो. जावई शेजारी, मी चालवतोय. कडेला एक पाटी आली. पांढरा गोल, त्यावर तिरक्या रेघा. आकडा नाही. मी वाट बघितली, पुढच्या पाटीवर असेल. नाही. जावई म्हणाला, ‘बाबा, इथून मर्यादा संपली.’ मी म्हटलं, संपली म्हणजे? पुढची कुठली? ‘पुढची नाही. १३० ची शिफारस आहे.’ शिफारस! मी एकतीस वर्षं शिफारशींच्या फायली पाहिल्या आहेत. शिफारशीचं काय होतं ते मला कुणी सांगू नये.

तेलाच्या त्याच टंचाईत, १९७३ च्या नोव्हेंबरात, जर्मनांनीही महामार्गावर १०० ची मर्यादा लावून पाहिली होती. अमेरिकेला ती उठवायला वीस वर्षं लागली. हे मार्चमध्ये परत मोकळे. तिथे आजही कुणी मर्यादेचा विषय काढला की घरातली वाटणी निघाल्यासारखे चेहरे होतात. शेजारी हॉलंड बघा. तिथे मार्च २०२० मध्ये ठरलं, की सकाळी ६ ते संध्याकाळी ७ महामार्गावर १००, त्यानंतर जिथे परवानगी असेल तिथे जास्त. म्हणजे वेगाचं भारनियमन. ते मला समजतं. भारनियमनात मी वाढलोय.

बिनआकड्याच्या रस्त्यावर मी काय करणार? १०० धरले. उजव्या लेनमध्ये माझ्या पुढे-मागे ट्रक. पोलंडचा एक ट्रकवाला आरशातून माझ्याकडे कनवाळूपणे बघत होता. जावई काही बोलला नाही, पण त्याने घड्याळ पाहिलं. तेव्हा मी मन घट्ट करून डावीकडे घेतलं आणि १२० केले. आयुष्यात पहिल्यांदा. आरशात बघतो तो लांबवर तीळ. पुन्हा बघतो, सुपारी. तिसऱ्यांदा, नारळ. चौथ्यांदा आरशात फक्त जाळी आणि दोन दिवे, आणि त्यामागे एक गृहस्थ, चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही, नुसती प्रतीक्षा. डावी लेन त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावे करून दिलेली असावी. आपल्याकडे मागचा निदान हॉर्न तरी वाजवतो, काहीतरी बोलल्यासारखं वाटतं. हा नुसताच येतो.

मी परत उजवीकडे आलो. ट्रकवाल्याने जागा दिली. तो देवमाणूस.

आता गुन्ह्याचा दिवस. रविवार. आम्ही दोघंच, एक किल्ला बघायला निघालो. गावाबाहेरच्या साध्या रस्त्याला मोटारींना १०० ची मुभा. मी ८५ वर होतो, कारण उतार होता. पुढे एक पिवळी पाटी आली, तिच्यावर काळ्या अक्षरांत गावाचं नाव. कुठलं गाव ते सांगत नाही, कारण मला ते अजून उच्चारता येत नाही. मी पाटी वाचणारा माणूस. वाचायला घेतली. मधे जोडरेघ होती, पुढे आणखी नाव होतं. ही बाकरवडीचा डबा उघडत होती. म्हणाली, ‘कुठलं गाव?’ मी सांगायला तोंड उघडलं, आणि लख्ख उजेड पडला.

फोटोत माझं तोंड उघडं का, याचा खुलासा झाला असेल.

दोष काय माझा? त्या देशात गावाच्या नावाची पिवळी पाटी म्हणजेच ५०. आकडा लिहीतच नाहीत. नाव हाच आकडा. हडपसर लिहिलं की समजायचं ५०, सासवड लिहिलं की ५०. गाव संपताना तेच नाव पुन्हा येतं आणि त्यावर लाल तिरकी रेघ मारलेली असते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, गावाची मान्यता रद्द झाली की काय. ज्या माणसाने जन्मभर पाटीवरचा आकडा प्रमाण मानला, त्याला शेवटी बिनआकड्याच्या पाटीने धरावं? वर एका बिनआकड्याच्या पाटीचा अर्थ ‘वाटेल तेवढं’, दुसरीचा अर्थ ‘पन्नास’. हे दोन्ही एकाच नियमावलीत लिहिलंय.

आता पूर्वदाखले बघा, कारण त्याशिवाय अपील टिकत नाही. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने मोटारीला गावात ताशी २ मैल आणि बाहेर ४ मैलांची मुभा होती. पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात एक गृहस्थ २ च्या जागी ८ मैलांनी निघाले. सायकलवरच्या पोलिसाने पाठलाग करून त्यांना धरलं. चौपट वेग! दंड झाला एक शिलिंग. मी चौपट केला असता तर पन्नासच्या गावात दोनशे झाले असते. मी अठ्ठावन्न केले.

दुसरा दाखला तर त्याच मुलखातला. १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी दोन मुलं घेऊन नवऱ्याची मोटार घरातून काढली आणि मॅनहाइमहून फोर्ट्सहाइम गाठलं, शंभरेक किलोमीटर. नवऱ्याला विचारलं नव्हतं. इंधन वाटेत औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. आज त्या वाटेला त्यांचं नाव आहे, पर्यटक बघायला जातात. फोर्ट्सहाइम माझ्या लेकीच्या घरापासून जवळच. मी जावयाला विचारून गाडी काढली होती. इंधन पंपावरून भरलं होतं. शिक्क्याचा परवाना खिशात होता. मला तीस युरो.

तिसरा दाखला मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो माझ्या विरुद्ध जाऊ शकतो. फिनलंडमध्ये मर्यादा फारच ओलांडली तर दंड माणसाच्या उत्पन्नावर लावतात. २०२३ मध्ये तिथल्या ऑलंड बेटांवर एका बड्या उद्योजकाने ५० च्या हद्दीत ८२ केले. त्याला १ लाख २१ हजार युरो पडले. मी रात्री बसून माझ्या निवृत्तिवेतनावर फिनलंडचा हिशोब काढायला घेतला. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी उत्पन्नात धरायची की नाही, तिथे अडलो. ही म्हणाली, ‘झोपा आता, तुम्ही फिनलंडला गेलाच नव्हतात.’ हा मुद्दा मी नोंदवून घेतलाय.

हे सगळं मांडून मी सकाळी आठ मुद्द्यांचं निवेदन तयार केलं. शेवटी ‘सबब, प्रस्तुत दंड माफ होऊन सहप्रवाशाच्या चेहऱ्यासह फोटोची मूळ प्रत मिळावी, ही विनंती’ असं लिहिलं. ते शेवटचं हिच्या आग्रहाखातर. जावयाला म्हटलं, याचं जर्मन करून दे. तो म्हणाला, ‘बाबा, मी रात्रीच भरले. मोबाइलवरून. दोन मिनिटं लागली.’ मी विचारलं, सुनावणी? लोकअदालत कधी बसते तुमच्याकडे? तो म्हणाला, लोकअदालत म्हणजे? मला त्या मुलाची काळजी वाटते. परदेशात वीस-वीस वर्षं राहून माणसाचं असं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या फोनवर मेसेज आला, ई-चलनाचा. महाराष्ट्रातून. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी पुतण्याकडे ठेवली होती, ‘अधूनमधून सोसायटीत फिरव’ असं सांगून. सोसायटीची हद्द खंडाळ्यापर्यंत गेलेली दिसते. एक्स्प्रेस-वे, १०० च्या जागी ११८, दंड दोन हजार, वाहनमालक अस्मादिक. सोबत फोटो, गाडीच्या मागच्या बाजूचा. जर्मनीने माझं तोंड काढलं, महाराष्ट्राने पाठ. बत्तीस वर्षांच्या निष्कलंक वाहनसेवेनंतर एकाच आठवड्यात दोन देशांत गुन्हा दाखल झालेला दुसरा निवृत्त लेखापरीक्षक तुमच्या पाहण्यात असेल तर कळवा.

परत आल्यावर पुतण्याला म्हटलं, दोन हजार भर. म्हणाला, ‘काका, एवढ्यात नका भरू. लोकअदालत लागली की कमी करून घेऊ.’ ते ऐकून, काय सांगू, क्षणभर मायदेशी आल्यासारखं वाटलं. पण तत्त्वाचा प्रश्न होता. म्हणून परवा त्याला सविस्तर सुनवायला फोन केला. तो गाडीतच होता, स्पीकरवर. मी मुद्दा क्रमांक एकपासून सुरुवात केली. लाल निशाणापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात तो म्हणाला, ‘काका, एक मिनिट हं.’

इंजिनाचा आवाज उतरला. गाडीतलं गाणं बंद झालं. कुणी काही बोलेना. तिकडून नुसती टायरांची सरसर ऐकू येत होती, आणि फोन कानाला लावून मीही, का कोण जाणे, गप्प उभा राहिलो.

मग इंजिन पुन्हा चढलं, टिंगटिंग सुरू झालं आणि तो म्हणाला, ‘हं काका, बोला.’